चुनेवाली आणि उत्तरेची भिंत

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे चादरींच्या घड्या. इथं अमेरिकेत, हर्नडनला, मुलाच्या घरी तळघरात कपडे वाळवायचं मशीन आहे. त्यातून गरम चादर काढायची, दोन टोकं तिनं धरायची, दोन मी, आणि ताणायची. ती ताणायची म्हणजे हिसका द्यायची. पासष्टी उलटलेली बाई, पण मनगट असं की माझ्या हातातलं टोक सुटायचंच. मग हसायची. "अवं मिस्त्री, धरा की! आता काय चादर बी पेलंना?" त्या मंगळवारी दुपारी चार चादरी झाल्या. चारही वेळा टोक माझ्याच हातून सुटलं. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म गवंडीकाम केलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात बायकोवर चार शब्द लिहा म्हणून मुलाच्या मित्रांनी गळ घातली, म्हणून बसलो आहे. कौतुक तिचं आहे. माझ्याबद्दल जे येईल ते तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडत नाही.

कामावर सगळे तिला चुनेवाली म्हणत. तिच्या बापाची चुन्याची भट्टी होती. खडे भाजायचे, त्याची चुनकळी व्हायची, ती पाण्यात विरवायची, मग वाळू घालून घाणीत मळायची. दगडी गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैल हाकायचं काम हिचं. सात वर्षांची असल्यापासून त्या चराभोवती फिरली. त्यामुळे माल कसा झाला आहे हे तिला डोळ्यांनी बघावं लागत नसे. चिमूटभर उचलायची, बोटात चोळायची, जिभेच्या टोकाला लावून थुंकायची. "अजून चावतंय," म्हणायची, "राहू द्या अजून चार दिस." मला हे घाण वाटायचं. मी तिला तसं तोंडावर सांगायचो. ती म्हणायची, "तुमी तंबाखू खाता ती काय देवाचा परसाद हाय व्हय?"

आमचं लग्न झालं तेव्हा चुन्याचे दिवस सरले होते. सिमेंटच्या गोण्या तालुक्यात यायला लागल्या आणि तिच्या बापाची घाणी बंद पडली. मी सिमेंटचा गवंडी. भिंत मी बांधायची, पाटी तिनं वाहायची, अशी आम्ही चोवीस वर्षं काढली. एका हातानं डोक्यावरची पाटी धरून ती फळीवरून चढायची आणि वर आली की माझ्या कामाला नाव ठेवायची. "मिस्त्री, ह्यो कोपरा दारू पिऊन आलाय का?" ओळंबा सोडून बघावं तर कोपरा खरंच सुताभर बाहेर. माणसं हसायची. मी तिच्यावर खेकसायचो आणि कोपरा उतरवून परत बांधायचो. कोपरा दुरुस्त करायचो, पण तुझं बरोबर होतं असं चोवीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही. त्या काळात कुणी म्हणत नसे, असं मी मनाला सांगत आलो. माझ्याच जोडीचा एक गवंडी बायकोला म्हणायचा, तेव्हा तेही खरं नाही.

मुलगा प्रकाश कंप्युटरमध्ये लागला, अमेरिकेला आला, आणि २००३ साली आम्हाला घेऊन आला. एकाला एक चिकटलेली घरं. पहिल्या दिवशी हिनं काय केलं, तर दिवाणखान्यातली भिंत बोटांच्या पेरांनी ठोकली. आतून पोकळ वाजलं. "आरं पक्या, ही भिंत हाय का पेटी?"

"आई, इकडे सगळं वूड फ्रेमचंच असतं. आणि समोरून ब्रिक आहे की आपल्याला."

ती बाहेर गेली, समोरची वीट ठोकून आली. "नुसती तोंडाला पावडर लावलीया," म्हणाली. सूनबाई हसून हसून खाली बसली. पण हिला त्या घरात झोप लागत नव्हती. म्हणायची, भिंतीला टेकलं की भिंतच आपल्याला टेकल्यासारखी वाटती.

खरी भिंत तिनंच शोधली. आमच्या घरांच्या मागून फिरायची पायवाट जाते. तिच्यावरून अर्धा तास चाललं की झाडी लागते आणि झाडीपलीकडे एक जुनं विटांचं शेतघर आहे. शेत आता नाही, घर आहे. तिथं ग्वेनबाई एकटी राहायची. वय आमच्याएवढंच, काठी हातात, पण पाठ ओळंब्यात. तिच्या पणज्याच्याही आधीचा कुणी पुरुष वेल्स देशातून इथं आला आणि त्यानं गावाकडच्यासारखं घर इथं बांधलं. वेल्स इंग्लंडच्या अंगालाच आहे म्हणे. तिकडच्या घराचं हातानं काढलेलं चित्र तिच्या ओसरीत लावलेलं होतं. दोन्ही घरं आवळीजावळी. दोन टोकांना दोन जाड धुराडी, मध्ये दार, दाराच्या दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या, खिडक्यांवर विटांची बसकी कमान. छपराच्या पाखाखाली विटा तिरक्या लावून दातेरी पट्टी काढलेली, करवतीसारखी. फरक एवढाच की तिकडच्या खिडक्या लहान आणि इकडच्या मोठ्या. इकडे ऊन जास्त, असं ग्वेनबाई म्हणाली. ती इंग्रजीत बोलायची. कामाच्या जागी साहेबांबरोबर राहून मला तुटकं समजतं, तेवढंच लिहितो आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चुनेवालीनं कुणाला विचारलं नाही की पुसलं नाही. सरळ भिंतीपाशी गेली. एक वीट लांबीनं, शेजारची डोक्याकडून, परत एक लांबीनं, अशी सगळी रचना. डोकं दिसणाऱ्या विटा काळ्यानिळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या. मला वाटलं रंग दिलाय. ती म्हणाली, "ह्या भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या. जाळ लागलाय त्यास्नी." एका विटेत कोंबडीचा पाय उमटलेला तिला सापडला. "हितं बी कोंबड्या वल्या विटंवर नाचत्यात," म्हणून आनंदानं ओरडली. मी सांध्यावरचे थापीचे फटकारे बघितले आणि म्हणालो, बांधणारा डावखुरा होता. तोवर हिनं नखानं सांधा खरवडून माल जिभेला लावला होता.

ग्वेनबाई दारातून बघत होती. तिला वाटलं असणार, भारतातून दोन म्हातारे आले आणि माझं घर खायला लागले. हिनं थुंकून तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. "मिस्त्री, ह्यो माझ्या बापाचा माल हाय." डोळे भरून आले होते तिचे. ते बघून ग्वेनबाई काठी टेकत आली, तिच्याकडे बघितलं आणि आत चहाला बोलावलं.

तिथून ह्या दोघींचं जमलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही, पण तास तास बसायच्या. ही भाकरी न्यायची, ती केक द्यायची. घराच्या खाली तळघर होतं, दोन हात जाड भिंतीचं. तिथं उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार लागायचं. तिथं भिंतीला पाठ लावून ही डोळे मिटून बसायची. ग्वेनबाई तिला बसू द्यायची.

उत्तरेची भिंत मात्र आजारी होती. तिकडे ऊन नाही, ओल फार. सांध्यांतला चुना झिजून बोटभर आत गेला होता. गवंडी मिळत नाही, मिळाला तर येत नाही, असं ग्वेनबाईचं रडगाणं. मी म्हणालो, मी करतो. वर्षभर हात रिकामे होते माझे. मुलाच्या घरात मी फक्त टीव्ही बघणारा म्हातारा होतो. प्रकाश म्हणाला, "बाबा, ती हिस्टॉरिक प्रॉपर्टी आहे. तुम्ही प्लीज काही टच करू नका." मी म्हणालो, तुला कीबोर्डावरची बटणं कळतात, मला भिंत कळते.

मग सामान आणायला आम्ही दोघं बांधकामाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मी सिमेंटच्या पिशव्या दुकानातल्या ढकलगाडीत टाकत होतो. चुनेवाली दोन कप्पे पुढे एका फाटक्या पिशवीपाशी उभी. पांढरी भुकटी बोटात चोळली, जिभेला लावली. "मिस्त्री, ह्यो चुना हाय. ह्यो घ्या."

"तो झाडांना घालायचा असेल."

"झाडाचा न्हाई. मला कळतंय. मऊ विटंला मऊ मालच पायजे. सिमिट घातलं तर वीट मरंल."

मी ऐकलं नाही. चुन्यात काम करायचं तर विरवत ठेवा, सांधे ओले ठेवा, दिवस दिवस थांबा. मला लवकर उरकून दाखवायचं होतं. ग्वेनबाईच्या अंगणात तिनं परत तोच विषय काढला, तेव्हा मी ग्वेनबाईसमोर तिच्यावर ओरडलो. "गवंडी कोण आहे? तू पाट्या वाहिल्यास. पाट्याच वाहा." ग्वेनबाईला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. ती आत निघून गेली. चुनेवालीनं पदर खोचला, घमेलं उचललं आणि सिमेंट कालवायला बसली. कालवलं ते उत्तम. तिच्या हातून वाईट माल कधी निघालाच नाही.

पानं गळायच्या आत भिंत झाली. सांधे रेघ मारल्यासारखे. प्रकाशचे मित्र बघायला आले. "काका, काय फिनिश आहे! इकडचा कॉन्ट्रॅक्टर पण असं देणार नाही." फोटो काढले. ग्वेनबाईनं माझा हात हातात घेतला आणि मला मास्टर म्हणाली. तेव्हापासून मी मास्टर. माझ्या बायकोनं त्या भिंतीकडे एकदाच बघितलं. "थंडी जाऊ दे, मग बघू," एवढंच बोलली.

थंडी गेली. मार्चमध्ये आम्ही गेलो तर भिंतीच्या पायाशी लाल भुगा पडलेला. विटांची तोंडं फुटून पापुद्रे सुटले होते. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा, घट्ट, आणि त्यांच्यामध्ये विटा खड्ड्यांसारख्या. ओल पूर्वी सांध्यातून बाहेर निघायची, ती आता विटेत कोंडली. गोठली, फुगली, विटेचं तोंड घेऊन बाहेर आली. कोंबडीच्या पायाची वीट पण गेली होती. दोनशे वर्षांत जे झालं नाही ते माझ्या हातून एका थंडीत झालं. बघताक्षणी मला सगळं कळलं. गवंड्याला कळतं.

ग्वेनबाई काठी घेऊन उभी होती. तिनं मला विचारलं, "मास्टर, हे का झालं?"

मी बोललो नाही. तोंडात जीभ होती, इंग्रजीतले तेवढे शब्दही होते. मी भिंतीकडे बघत राहिलो. मग माझ्या शेजारून आवाज आला. तिला इंग्रजीचे जे पाच-दहा शब्द येत होते त्यांतले तिनं काढले. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी. मिक्सिंग मी. मिस्टेक." आणि हातानं कालवायची खूण केली.

तेव्हाही मी बोलू शकलो असतो. ग्वेनबाईनं माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मान खाली घातली. तिनं तो होकार धरला आणि धरावा म्हणूनच मी तशी घातली होती.

परत येताना पायवाटेवर मी तिला विचारलं, कशाला सांगितलंस असं? ती पुढं चालत होती. मागं न बघता म्हणाली, "तुमची वाचा बसली व्हती. कुनीतरी बोलाय पायजे व्हतं." थोडं चालून परत म्हणाली, "सिमिट उकरून काढू. छिन्नी घ्या, मी बी बसते. ह्या उन्हाळ्यात चुना भरू. न्हाई तर पुढच्या थंडीत आनखी जाईल."

मी हो म्हणालो आणि काढलं नाही. काढायचं तर का काढतो हे सांगावं लागलं असतं. एक उन्हाळा गेला, एक थंडी गेली, भिंत आणखी फुटली, दुसरा उन्हाळा गेला. दर पंधरा दिवसांनी ती म्हणायची, "मिस्त्री, भिंत." आणि मी म्हणायचो, कंबर दुखते.

ग्वेनबाई भली बाई. तिनं हिच्याशी बोलणं तोडलं नाही. पण बोलणं बदललं. आपण समज कमी असलेल्या माणसाशी बोलतो ना, तसं हळू, गोड आणि जरा मोठ्यानं. तिच्याकडे पाहुण्या आल्या की भिंतीची गोष्ट निघायची. "हिचा हेतू चांगला होता बिचारीचा," असं ती हिच्या दंडावर थोपटत सांगायची. मग माझ्याकडे वळून, "आणि हे मास्टर." माझ्या पुढ्यात केकचा मोठा तुकडा यायचा. मी तो खायचो. मला वाटायचं हिला कळत नाही काय चाललंय. पण मिस्टेक हा शब्द तिला येत होता. तो शब्द आला की ती पदराच्या टोकाशी चाळा करायची आणि हसून मान हलवायची.

भाकरी जाड झाली की मला ऐकवणारी, कोपरा सुताभर सुटला की सगळ्या कामावर हसू करणारी ही बाई, ह्या एका गोष्टीवरून मला कधीही बोलली नाही. भांडणात नाही, चेष्टेत नाही. मला ते बोलण्यापेक्षा जड जात होतं. कधी कधी मीच मुद्दाम तिला डिवचायचो, की आता तरी काढेल. ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. आणि ग्वेनबाईकडे जायची तेव्हा केरसुणी घेऊन जायची. भिंतीखालचा लाल भुगा लोटून, भरून, झाडांच्या बुडाशी टाकून यायची. हे मला सूनबाईनं सांगितलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, घर माणसांनी भरलं होतं. प्रकाशचे मित्र सुट्ट्या टाकून आलेले, कुणी चहा केला, कुणी पोहे आणले. इकडे माणूस गेलं की घरी आणत नाहीत. अग्नी द्यायला शुक्रवारची वेळ मिळाली होती. म्हणजे दोन दिवस काही करायचं नव्हतं. "काका, तुम्ही जरा पडा." प्रत्येक जण हेच. प्रकाश फोनवर होता. ग्वेनबाईला कळवायला हवं, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ती हिची इथली एकुलती एक मैत्रीण. मी बूट घातले आणि मागच्या दारानं निघालो.

वाटेत मी ठरवलं, दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या कुठल्या क्रमानं. आधी ती गेल्याचं सांगितलं असतं तर ग्वेनबाई रडली असती, मला आत नेऊन बसवलं असतं, खांद्यावर हात ठेवला असता. मग दुसरं काहीही सांगितलं तरी तिनं माफ केलं असतं. दुःखात असलेल्या माणसाला सगळेच माफ करतात. तशी फुकटची माफी घ्यायची माझी तयारी नव्हती. एवढी लाज शिल्लक होती.

तिनं दार उघडलं. "मास्टर, एकटेच?"

मी दारातच म्हणालो, "नो मास्टर. वॉल, नॉट हर मिस्टेक. माय मिस्टेक. शी सेड चुना. लाइम. आय सेड सिमेंट. आय शाउट. शी इज राइट." मग जे सगळ्यात अवघड होतं ते, "दॅट डे, आय नो. आय कीप क्वाएट."

तिला समजायला वेळ लागला. मी परत सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "दीड वर्ष. दीड वर्ष मी तिला माझ्या पाहुण्यांसमोर बिचारी म्हणत होते. आणि तू तिथं बसून केक खात होतास."

"येस," मी म्हणालो.

"आणि ती हसत होती."

"येस."

मला वाटलं दार लावेल. लावायला हवं होतं. ती काठीवर जोर देऊन उभी राहिली. मग म्हणाली, "जा. तिला घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. मला तिच्याशी बोलायचं आहे. आणि तू आत यायचं नाहीस, तू बाहेर थांबायचं."

एवढं बोलून ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. किटलीत पाणी भरल्याचा आवाज आला, मग कपबशा काढल्याचा. तिथूनच तिनं मोठ्यानं विचारलं, "साखर दोन चमचे घेते ना ती?"

मी पायरीवरच उभा होतो. दुसरी गोष्ट सांगायची राहिली होती. ती मी तिथूनच सांगितली.